आधी करायचं, कॉन्फिडन्स मागून येतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आत्मविश्वास कसा वाढवायचा यावर पेपरात, पुरवणीत नेहमी काही ना काही येत असतं आणि मी ते आवर्जून वाचते कारण हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. पण त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की स्वतःवर प्रेम करा, पॉझिटिव्ह रहा, रोज आरशासमोर उभं राहून मी भारी आहे असं म्हणा. ज्याला मुळातच स्वतःबद्दल बरं वाटतं त्याला हे जमत असेल, पण ज्याला नाही वाटत त्याने उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

माझंच सांगते. मला फोनची भीती वाटायची. ओळखीच्या माणसाशी तासभर बोलेन, पण एखाद्या ऑफिसात फोन लावून काही विचारायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. नंबर टाईप करायचा, पुसायचा, परत टाईप करायचा आणि शेवटी नवऱ्याला म्हणायचं, तूच कर ना. कितीतरी वर्षं असंच चाललं. एकदा तो घरी नव्हता आणि काम तर अडलेलं, मग मी एका कागदावर बोलायची पहिली दोन वाक्यं लिहून काढली, माझं नाव काय आणि काम काय, आणि उभं राहून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी दोन मिनिटात माहिती दिली. फोन ठेवला तेव्हा हातातला कागद घामाने ओला झाला होता पण काम झालेलं होतं. दुसऱ्या फोनला पण कागद लागला, तिसऱ्याला, चौथ्यालाही लागला, मग एक दिवस बोलून झाल्यावर लक्षात आलं की आज कागद घ्यायचाच राहिला.

मी कॉन्फिडन्स येईपर्यंत थांबले असते तर आजही थांबलेलीच असते. आपण सगळे उलटं धरून बसतो, आधी धीर येऊ दे मग करेन म्हणतो, आणि धीर तर केल्यानंतरच येतो.

नंतर वाचनात आलं की अल्बर्ट बॅन्डुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच हे मांडून ठेवलंय. मला हे जमेल हा भरवसा चार ठिकाणांहून येतो असं तो म्हणतो: स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना बघणं, कोणीतरी दिलेला धीर, आणि त्या वेळची आपल्या शरीराची अवस्था म्हणजे छाती धडधडतेय की शांत आहे वगैरे. यातलं सगळ्यात पक्कं म्हणजे स्वतः करून बघणं. सापाला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांवर त्याने प्रयोग केले होते, एकेक पायरी चढत शेवटी साप स्वतः हाताळायचा, आणि ज्यांनी हात लावला ते नुसतं दुसऱ्याचं बघणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले. आरशासमोर म्हणायच्या वाक्यांचं तर २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, मुळात स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्यांना अशी वाक्यं परत परत म्हटल्यावर बरं वाटायच्या ऐवजी उलट जास्त वाईट वाटलं. मला याचं आश्चर्य वाटलं नाही, आतून जे पटत नाही ते तोंडाने म्हटलं की आतला आवाज अजून मोठ्याने नाही म्हणतो.

मग रोज करायचं काय? मला उपयोगी पडलेलं सांगते. रोज एक असं काम जे थोडंसं, अगदी थोडंसंच अवघड वाटतं. मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारायचा, तो आधी लिहून नेला तरी चालेल. मागच्या ऐवजी पुढच्या रांगेत बसायचं. समोरचा काय म्हणतोय ते कळलं नाही तर मान न डोलवता, परत सांगता का, म्हणायचं. रोज पाच मिनिटं काहीही मोठ्याने वाचायचं, स्वतःचा आवाज स्वतःच्या कानाला सवयीचा होतो आणि चार लोकांत तो परका वाटत नाही, हे मला फार लागू पडलं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नाही म्हणणं, आज मला जमणार नाही एवढंच म्हणायचं आणि पुढे कारणांची यादी द्यायची नाही.

रात्री वहीत एक ओळ लिहायची, आज काय केलं. कसं वाटलं ते नाही, काय केलं तेच, कारण मन उद्या सगळं विसरतं आणि परत म्हणतं तुला काहीच जमत नाही, तेव्हा वही उघडून दाखवता येते.

लोक काय म्हणतील याचं पण बोलते. २००० साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, त्यात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी तरी बघितलं असणार, प्रत्यक्षात ज्यांच्या लक्षात आलं ते साधारण चौथाईच होते. म्हणजे आपण अडखळलो ते आपल्याला वाटतं तितक्या लोकांना दिसतच नाही. हे वाचल्यापासून मी बोलताना चुकले तर तिथेच वाक्य परत सुरू करते आणि पुढे जाते.

आणि एकवीस दिवसात सवय लागते वगैरे मनावर घेऊ नका. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ असाही हिशोब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हे पण त्यातच दिसलं. म्हणून महिन्याभरात फरक पडला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी मला फार वाईट वाटतं.

आईवडिलांना हात जोडून सांगणं आहे, पोरगं बोलायला दोन सेकंद थांबलं की आपण त्याच्या वतीने उत्तर देतो. माझ्या मुलीच्या बाबतीत मी हे वर्षानुवर्षं केलं, डॉक्टरांनी तिला विचारलं काय होतंय आणि बोलणार मी. आता तोंड मिटून बसते. पहिल्यांदा बसले तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बघितलं, मग हळू आवाजात स्वतःच सांगितलं, आणि बाहेर आल्यावर माझ्या पुढे चालत होती.

ज्यांना घराबाहेर पडणंच अशक्य झालंय, दिवसेंदिवस कशातच मन लागत नाही त्यांनी मात्र फक्त अशा छोट्या गोष्टींवर विसंबू नये, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जावं.

संपादकसाहेब, एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा एक छोटा चौकोन वाचकांसाठी ठेवता येईल का, या आठवड्यात मी पहिल्यांदा काय केलं एवढ्याच विषयावर, दोन दोन ओळी, नाव नसलं तरी चालेल. दुसऱ्या कोणीतरी आपल्यासारख्याच माणसाने केलंय हे वाचून बऱ्याच जणांचा हात फोनकडे जाईल. पेपरला पत्र पाठवायची माझी ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा चौकोन सुरू झाला तर माझ्या दोन ओळी तयार आहेत.

आपली,
एक नियमित वाचक