एकूण वजनाबरोबर ॲक्सलचे वजनही पाहा

महोदय,
ओव्हरलोड टँकरांवर कारवाईची मागणी करणारा आपला अग्रलेख वाचला. मागणी रास्तच आहे, पण त्यात फक्त एकूण वजनाचा विचार झाला आहे. वडोदऱ्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे वजनकाट्यावर कारकुनी केली. पावतीवर एकच आकडा उमटतो. मात्र कोणत्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या कोणत्या आसावर, किती भार आहे, हे त्यातून कळत नाही.

2018 च्या अधिसूचनेने तीन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 25 वरून 28.5 टन झाली, तरी प्रत्येक ॲक्सलची मर्यादा वेगळीच आहे. द्रवाच्या बाबतीत तर लिटरवर विसंबून चालतच नाही. 20 हजार लिटर डिझेल साधारण साडेसोळा टन भरते, तेवढेच तीव्र सल्फ्युरिक ॲसिड 36 टनांच्या वर जाते. त्यामुळे ॲसिडची टाकी पूर्ण भरता येत नाही आणि ब्रेक लागताच रिकाम्या जागेतून माल पुढे उसळतो. टाकीत माल अडवणारे आडवे, भोकांचे पत्रे (बॅफल) नसतील तर तो धक्का थेट पुढच्या चाकांवर येतो. कप्प्यांच्या टँकरमध्ये पहिल्या पेट्रोल पंपावर पुढचा कप्पा रिकामा केला की उलटेच होते : पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. पावसात गोल्डन चौकडीच्या वळणावर हे चालकाला लगेच जाणवते.

काट्यावर आधी पुढची, मग मागची चाके चढवून दोन्ही आकडे पावतीवर छापायला पाच मिनिटेही लागत नाहीत. परिवहन विभागाने ते सक्तीचे करावे.

— एक निवृत्त काटा-कारकून, दांडिया बाजार, वडोदरा