तिचं नाव ठिपक्यांत आहे

रविवार, रात्री

प्रिय चिऊ,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसले की वाटायचं, अजून थांबावं, अजून सगळं माझं मलाच नीट उमगलेलं नाही. आज मात्र राहवत नाहीये. घरातले सगळे झोपलेत आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला झोप यायची नाही.

या वर्षी माझ्या बाकावर नवी मुलगी आली आहे. तिला दिसत नाही. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ते तिनं तुझ्यासाठी स्वतः लिहून दिलंय. पाकिटात जाड कागदाची पट्टी आहे ना, ती. इतक्यात हात लावू नकोस तिला. आधी हे वाच.

पहिल्याच दिवशी मी चुकले. मधली सुट्टी झाली, मी उठले, तिचं मनगट पकडलं आणि तिला दाराकडे घेऊन निघाले. आपण फार चांगलं काहीतरी करतोय असं वाटत होतं मला. दोन पावलांवर ती थांबली. चिडली वगैरे नाही, साधेपणानं म्हणाली, "तू मला धरू नकोस. मी तुझं कोपर धरते, तू नेहमीसारखी चाल." चिऊ, किती साधी गोष्ट आहे ही! ती माझ्या अर्धं पाऊल मागे असते. मी वळले की माझ्या हातावरून तिला वळण कळतं, मी पायरीशी थबकले की पायरी कळते. मला तोंडानं काही सांगावंच लागत नाही. मनगट धरून ओढत होते तेव्हा तिचं पुढचं पाऊल कुठे पडणार हे मीच ठरवत होते, आणि तिला ते कसं वाटत असेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

तेव्हापासून मला आपले निबंध आठवतायत. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, मी पक्षी झाले तर, शाळेची घंटा बोलू लागली तर. आपण किती रमायचो त्यात! घंटेला किती एकटं वाटत असेल हे लिहिताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आठवतं? पण शेजारच्या बाकावरच्या मुलीचं मनोगत लिहा, असं आपल्याला कधी कुणी सांगितलं नाही आणि आपल्यालाही ते सुचलं नाही. निर्जीव घंटेच्या जागी जाता येतं, मग जिवंत माणसाच्या जागी जायला आपण इतका उशीर का करतो?

म्हणून मी ते करून बघायचं ठरवलं. एका संध्याकाळी डोळ्यांवर ओढणी बांधली आणि दोन तास घरात वावरले. दाराला धडकले, पाणी सांडलं, शेवटी रडकुंडीला आले. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "मला आता कळलं तुला कसं वाटतं ते." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला डोळे बांधल्यावर कसं वाटतं ते कळलं. मी अशी धडपडत नाही गं. मला माझं घर येतं."

मला वाईट वाटलं, पण तिचंच बरोबर होतं. कल्पनेनं मी तिच्या दारापर्यंत गेले आणि दार न वाजवता आत काय असेल ते ठरवून मोकळी झाले. विचारायचं राहूनच गेलं. आता मी विचारते. "बघ" म्हटलेलं चालतं का, तेही विचारलं. म्हणाली, "चालतं की! मीपण म्हणते, काल चव बघितली, तुझी वाट बघितली."

तिच्यामुळे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी काढणाऱ्या लुई ब्रेलबद्दल वाचलं. 1809 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला मुलगा. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कामाच्या जागी खेळताना आरी डोळ्यात गेली, आणि पुढे संसर्गानं दुसराही डोळा गेला. पॅरिसमधल्या त्याच्या शाळेत उठावाच्या मोठ्या अक्षरांची जड पुस्तकं होती. वाचायला वेळ लागायचा आणि तशी अक्षरं स्वतः लिहिणं तर मुलांना जमण्यासारखंच नव्हतं. चार्ल्स बार्बिए नावाच्या माणसानं 12 ठिपक्यांची एक पद्धत काढली होती, पण त्यातली एक खूण बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईनं ते 6 ठिपक्यांवर आणलं. 1824 पर्यंत त्याची लिपी जवळजवळ तयार झाली होती. तेव्हा तो 15 वर्षांचा होता, चिऊ. आपल्याएवढा!

आणि पुढचं ऐक. त्याच्याच शाळेत ही लिपी वापरायला काही काळ बंदी होती. मुलं लपूनछपून लिहायची. तो 1852 मध्ये गेला आणि फ्रान्सनं ती अधिकृतपणे स्वीकारली 1854 मध्ये. हे वाचून मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले.

मी सरांना हे सांगितलं तर त्यांनी गणिताचा अख्खा तास त्यावर घेतला. प्रत्येक ठिपका एक तर उठलेला, नाही तर सपाट. म्हणजे सहा ठिपक्यांसाठी सहा वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार केला की 64. त्यातली सगळे ठिपके सपाट असलेली एक जागा सोडली की उरतात 63 खुणा. एवढ्यात सगळं बसतं: अक्षरं, अंक, विरामचिन्हं. गणितात मी पहिल्यांदाच मनापासून हात वर केला. आपली मराठीही त्यातच लिहितात. गंमत म्हणजे 'कि' लिहिताना आपण पहिली वेलांटी आधी काढतो, तिथे क आधी आणि इ नंतर, आपण बोलतो तसं.

आता चुंबकाची गोष्ट. ही सांगायलाच मी खरं तर पत्र लिहायला घेतलं. विज्ञानाच्या तासाला बाईंनी फळ्यावर चुंबकाच्या बलरेषांची, म्हणजे त्याचा जोर कुठे कसा आहे ते दाखवणाऱ्या रेषांची, आकृती काढली. मी तिला कानात सांगायला लागले, "इथून निघते, गोल वळते, तिथे जाते," आणि माझं मलाच कळेना मी काय बोलतेय. घरी जाऊन एक पुठ्ठा घेतला, मधोमध काडेपेटीचं कव्हर चिकटवलं, तो चुंबक. मग डिंकाच्या रेघेवर जाड दोरा दाबत दाबत एकेक रेषा बसवली. रात्रीचे अकरा वाजले.

सकाळी तिनं दोन्ही हात पुठ्ठ्यावर ठेवले. घाई नाही. कव्हराच्या टोकाशी बोटं आली तशी म्हणाली, "इथे दाटी आहे. म्हणजे इथे जोर जास्त." मग एका जागी बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. "इथे एक दोरा दुसऱ्यावर चढलाय. रेषा एकमेकींना छेदत नाहीत ना?" खरंच चढला होता! मी रात्रभर तो पुठ्ठा डोळ्यांनी बघितला होता, मला दिसला नव्हता.

दोरा नीट करताना तिनं विचारलं, "या रेषा तुला चुंबकाभोवती दिसतात?" मी म्हटलं, "नाही. लोखंडाचा कीस टाकला तर तो तशा आकारात बसतो, पण रेषा अशा नसतात कुठे. फॅरेडेनं त्या मनात कल्पिल्या." हा मायकल फॅरेडे बुकबाइंडरकडे काम शिकणारा मुलगा होता, गणित त्याला फारसं शिकायलाच मिळालं नव्हतं. त्याच्या त्या रेषांना पुढे मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञानं गणितात बसवलं. हे ऐकून ती हसली आणि पुठ्ठ्यावर बोट टेकवून म्हणाली, "मग इथे आपण दोघी सारख्याच की!"

चिऊ, तेव्हा मला कसं झालं ते लिहिता येत नाहीये. तू असतीस तर तुझा हात घट्ट धरला असता.

आता पट्टी काढ. ही लिहिताना कागद ब्रेलच्या पाटीत अडकवून उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं, म्हणजे उलटला की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचता येतात. तिनं टक टक टक करत दहा सेकंदांत लिहिलं, मला माझं एक अक्षर टोचायला मिनिट लागलं आणि तेही उलटं पडलं.

डोळ्यांनी वाचू नकोस हं. दिवा मालव, पट्टी मांडीवर ठेव आणि उजव्या हाताचं पहिलं बोट अगदी हलकं फिरव, दाबू नकोस. सुरुवातीला एकाखाली एक दोन ठिपके लागतील, मधली जागा रिकामी. तो क. पुढचं तू शोध, आणि अडलीस तर पुढच्या पत्रात विचार, मी तिला विचारून सांगेन.

तुझीच,
काऊ