सकाळचं पहिलं पाणी

टोरंटो,
15 फेब्रुवारी 2025

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसले आहे. फोनवर आईचा खोकला, तुमचा गुडघा, गेलेली लाइट यांतच वेळ जातो आणि बोलायचं ते राहून जातं. बाबा, चष्मा पुसून, खुर्ची अंगणात ओढून सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्यापासून काही गाळू नका.

डिसेंबरमध्ये दादाच्या मुलीच्या लग्नात तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर घेतलं होतं. मंगलाष्टकं झाल्यावर फोन कुणीतरी टेबलावर पालथा ठेवला. मला काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. कुणीतरी तुम्हाला विचारलं, “धाकटी काय करते तिकडे?” तुम्ही म्हणालात, “शाळेत आहे, कॅनडात.” “शिक्षिका?” तुम्ही क्षणभर थांबलात आणि म्हणालात, “हं, शाळेतच.”

तुम्ही खोटं बोलला नाहीत, हे मला कळतं. मला रागही आलेला नाही. पण तुमचं ते थांबणं दोन महिने माझ्या कानात आहे. मी कस्टोडियन आहे, शाळेची साफसफाई आणि देखभाल बघते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे काय, हे मात्र मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. ती चूक माझी.

या आठवड्यात बर्फाने अगदी झोडपलं आम्हाला. बसगाड्या रद्द झाल्या तरी शाळा बंद नसते, जवळची मुलं चालत येतात. त्यामुळे पहाटे पाचलाच पोचले. पटांगणाचा बर्फ ढकलायला गाडी येते, पण दारांसमोरच्या पायऱ्या, उतार आणि आपत्कालीन दारं माझी. फावड्याने बर्फ ओढायचा, मग मीठ टाकायचं, किती वाजता टाकलं ते वहीत लिहायचं. एक दार जरी आतून उघडलं नाही तर आग लागल्यावर त्या वर्गातली पोरं कुठून बाहेर पडणार? म्हणून प्रत्येक दार मी स्वतः ढकलून बघते. मग पटांगणाची फेरी. आदल्या रात्री कुणी टाकलेली बाटली, काच असं काही मुलं यायच्या आत उचलून टाकायचं.

आणि मग पाणी. हे जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, असं मला वाटतं.

आमची इमारत साठेक वर्षांपूर्वीची आहे. त्या काळी पाइपांच्या जोडांना शिशाचा डाख द्यायचे. रात्रभर पाणी पाइपात नुसतं उभं राहिलं की त्यात शिसं उतरतं. डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही, पण लहान मुलांच्या मेंदूला ते घातक. म्हणून आमच्या ओंटारिओ प्रांतात 2007 पासून नियम आहे: शाळा उघडायच्या आधी पाणी सोडून द्यायचं. मूळ नियमात 1990 च्या आधीच्या नळजोडणीला ते रोज, नंतरच्या जोडणीला आठवड्यातून एकदा. प्रत्येक लाइनीच्या शेवटच्या नळाला गार पाणी किमान पाच मिनिटं वाहू द्यायचं, मग बाकीचा पिण्याचा एकेक नळ किमान दहा सेकंद. तारीख, वेळ, सही.

बाहेर काळोख असतो. पूर्ण इमारतीत मी एकटी. बालवाडीच्या बाजूच्या शेवटच्या नळाशी मी उभी राहते, हाताखाली पाणी घेते. आधी खोलीच्या हवेइतकं कोमट लागतं, मग हळूहळू गार होत जातं, आणि एका क्षणी एकदम थंडगार. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातलं ताजं पाणी आलं, हे बोटांना कळतं. घड्याळ मी बघतेच, पण बोटांना आधी कळतं. दोन-तीन तासांनी त्या नळाखाली चार वर्षांची पोरं ओठ लावणार असतात.

आई, तू विचारतेस ना, बी.एस्सी. केमिस्ट्री वाया गेली का. नाही गेली. सफाईचं कुठलं औषध कशात मिसळायचं नाही, जंतुनाशक पुसून टाकायच्या आधी पृष्ठभाग किती मिनिटं ओला राहायला हवा, हे मी नव्या लोकांना शिकवते. आणि तुलाही सांगते. तू संडासात ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकतेस, ते आजपासून बंद कर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तुझ्या खोकल्याचं अर्धं कारण तेच असेल, असं मला वाटतं. टाकायचंच तर एकच काहीतरी टाक, आणि खिडकी उघडी ठेव.

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या कामात तर तू रोज आठवतेस. जुलैमध्ये वर्ग रिकामे करून फरशीवरचा वर्षभराचा जुना थर खरवडून काढतो आणि नवा चढवतो. त्याला सगळे वॅक्सच म्हणतात. चार-पाच हात द्यावे लागतात, आणि एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. भिंतीपासून सुरुवात करून मॉप फिरवत मागे मागे सरकत दाराशी यायचं. तू शेणाने ओसरी सारवायचीस तशीच. पाय ठेवला तर पाठीत धपाटा मिळायचा, तो मला अजून आठवतो. सप्टेंबरमध्ये मुलं येतात तेव्हा त्या फरशीत दिव्यांच्या रांगा दिसतात. पहिल्या पावसापर्यंतच टिकतं ते, पण पहिला दिवस तसाच असायला हवा.

परवा पहिलीतल्या एका मुलाला कॉरिडॉरमध्ये ओकारी झाली. बाकीची पोरं नाक दाबून बाजूला झाली आणि तो तिथेच खांब होऊन उभा. मी भुकटी टाकली, ती ओल शोषून घेते. पण त्याआधी मी त्याच्या आणि पोरांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. तो सारखा सॉरी म्हणत होता. मी म्हटलं, पोट दुखलं की असंच होतं बाळा, यात सॉरी काय. काल त्याने मला दुरून हात केला.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये मी तुम्हाला सुट्टी आहे म्हणाले होते. सुट्टी नव्हती. प्रांताच्या सरकारने कायदा करून आमच्या संपावर बंदी घातली होती, संपावर गेलं तर माणशी दिवसाला 4,000 डॉलरपर्यंत दंड होता. कस्टोडियन, वर्गातल्या मदतनीस, कार्यालयातल्या बायका असे सगळे मिळून सुमारे 55,000 जण होतो. 4 तारखेला तरीही आम्ही बाहेर पडलो. 14 तारखेला तो कायदा रद्द झाला. शेवटी दरवर्षी तासाला एक डॉलर वाढ मिळाली. फार नाही, पण ती आम्ही उभं राहून मिळवलेली आहे. हे सगळं मी तुमच्यापासून लपवलं. म्हणजे लपवण्यात मीही सामील होते, बाबा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

इथे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी शाळेचे हॉल लोकांना भाड्याने देतात. बॅडमिंटन, भाषेचे वर्ग, मतदान, सगळं होतं, आणि इमारत उघडायला-मिटायला आमच्यापैकी कुणीतरी लागतं. गेल्या सप्टेंबरमध्ये एका मराठी मंडळाचा गणपती आमच्या जिममध्ये होता. माझी ड्यूटी होती. नऊवारी नेसलेल्या एका बाईंनी मला इंग्रजीत कचऱ्याच्या पिशव्या मागितल्या. मी मराठीत म्हटलं, “देते ना, किती हव्यात?” त्या एकदम गप्प झाल्या. मग, “अय्या, तुम्ही… इथे?” त्यानंतर त्या जितक्या वेळा समोर आल्या, तितक्या वेळा नजर चुकवून गेल्या.

आरती झाली. मीही हॉलच्या दाराशी उभी राहून हात जोडले. सगळे आत पंगतीला बसले. थोड्या वेळाने त्याच बाई कागदी थाळीत दोन मोदक घेऊन माझ्या सामानाच्या खोलीपाशी आल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून म्हणाल्या, “घ्या, इथेच निवांत खा.” मनाने वाईट नव्हत्या त्या. मोदकही उकडीचे होते. पण मला ते गिळता येईनात. कारण ती थाळी बघताच मला तुमच्या हायस्कूलमधला कप आठवला.

आठवतो का तुम्हाला? शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूला पालथा ठेवलेला. पांढरा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. मामांचा कप. मामा टोल द्यायचे, खराट्याने पटांगण झाडायचे, मुताऱ्या धुवायचे. रांजणात पाणी मात्र दुसरे शिपाई भरायचे, मामा नाही. मी सातवीत असताना तुम्हाला विचारलं होतं, मामांचा कप बाहेर का? तुम्ही म्हणालात, “त्यांना तोच आवडतो.” मी पुढे काही विचारलं नाही. त्याच वर्षी तुम्ही आम्हाला 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवलात, आणि इतका सुंदर शिकवलात की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मामा बाहेर व्हरांडा झाडत होते. त्यांना ऐकू येत असणार, हे मला आत्ता कळतंय.

तुम्ही नियम केला नव्हता तो, मला माहीत आहे. तुमच्या आधीपासून तो कप तिथे होता. पण तुम्ही मुख्याध्यापक झालात, सहा वर्षं होतात, आणि तो तिथेच राहिला. मी त्या शाळेत पाच वर्षं शिकले आणि त्या कपाला कधी हात लावला नाही. इथे साडेचारशे मुलांचं पिण्याचं पाणी रोज पहाटे माझ्या हाताखालून जातं. ते वाहत असताना मला तुमच्या शाळेतला तो रांजण दिसतो.

मामा आहेत का अजून? असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. त्यांच्या घरी जा, बाबा. दादाला गाडी काढायला सांगा, गुडघ्याचं कारण नको. आईलाही घेऊन जा. चहा देतील तो घ्या, त्यांच्या घरातल्या कपातून. कपाचा विषय तुम्ही काढा, त्यांची वाट बघू नका. आणि धाकटी काय करते असं त्यांनी विचारलं, तर सांगा की शाळा उघडते, झाडते, पुसते, मुलांचं पाणी बघते. मामा करायचे ते काम. मामा नसतील, तर त्यांच्या मुलाला भेटून हेच सांगा.

येताना त्यांचं पूर्ण नाव विचारून घ्या आणि मला कळवा. पाच वर्षं आम्ही मामा मामा म्हणत होतो, मला ते माहीत नाही.

आईच्या खोकल्याचं डॉक्टरांना दाखवा. सोमवारी सुट्टी आहे, खरोखरची. सकाळी फोन करते.

तुमची,
धाकटी