मेंडोलिनला गिटारची तार लावताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वाद्यांच्या देखभालीवर लेख आला होता. मेंडोलिनच्या तारा मिळत नसतील तर गिटारच्या लावाव्यात, असं त्यात एका ओळीत सांगून टाकलं आहे. सल्ला चुकीचा नाही. मी मेंडोलिन शिकवते आणि अडचणीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या वाद्यांवर गिटारच्या तारा मीही चढवते. पण कुठली तार कुठे लावायची हे सांगितलंच नाही, तर वाचणारा पाकीट फोडतो आणि हाताला येईल ती तार खुंटीला गुंडाळतो. त्यात वाद्य जातं.

गिटारच्या पाकिटावर १०-४६ किंवा १२-५३ असे आकडे असतात. ती पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. पाहायचं ते हेच. मेंडोलिनला आठ तारा, चार जोड्यांत, जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य स्वरांना लावलेल्या. घोडीपासून नटपर्यंतची, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपर्यंतची, लांबी साधारण ३५ सेंटीमीटर. गिटारची हीच लांबी ६५ सेंटीमीटरच्या आसपास असते. लांबी जवळजवळ निम्मी असली, तरी ई मात्र गिटारच्या पहिल्या तारेपेक्षा अख्खं एक सप्तक वर लावायचा असतो. त्यामुळे गिटारवर जी तार जेवढी ताणली जाते, त्याहून इथे ती थोडी जास्तच ताणावी लागते.

दहाची तार मेंडोलिनच्या ईला सुमारे ९ किलोचा ताण देते, बाराची साडेबारा किलोच्या आसपास. जाड तार तुटणार नाही म्हणून बाराची लावणारे मला नेहमी भेटतात. साधी पोलादी तार जाड झाली की तिची ताकद वाढते खरी, पण त्याच स्वराला लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. तार वाचत नाहीच, वर जास्तीचा भार घोडीवर आणि पुढच्या फळीवर येतो.

१०-४६ चा इलेक्ट्रिक गिटारचा संच मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पहिली तार, दहाची, ईला. दुसरी, तेराची, एला. ती जरा सैल वाटते, सुटी चौदाची मिळाली तर उत्तम. चौथी, सव्वीसची, डीला. पाचवी, छत्तीसची, जीला. तिसरी आणि सहावी बाजूला ठेवायची. जोड्या करायच्या म्हणून संच दोन लागतात. आवाज ब्राँझच्या तारांइतका खुला येत नाही, पण रियाज थांबत नाही.

सहावी तार जीला लावायचा मोह टाळाच. एका विद्यार्थ्याने १२-५३ च्या दोन संचांतल्या सहाव्या तारा जीला लावलेलं मेंडोलिन माझ्याकडे आणलं होतं. अशी एक तार त्या स्वराला २० किलोच्या आसपास ताण देते, नेहमीच्या तारेच्या जवळजवळ दुप्पट. घोडीखालची फळी खचलेली उघड दिसत होती. नटच्या खाचेत तार मावत नव्हती म्हणून खाचेची कड उडाली होती, ते वेगळंच. गोल पाठीची जुनी मेंडोलिनं तर आणखी नाजूक बांधणीची असतात. त्यांना मुळातच हलक्या तारा हव्यात.

दुसरी अडचण टोकाची. गिटारच्या तारेला पितळी बॉल असतो, आणि मेंडोलिनच्या टेलपीसवर, म्हणजे घोडीपलीकडे तारा अडकवायच्या पट्टीवर, बहुधा नुसते हूक असतात, त्यांना फास हवा. म्हणून बॉल काढायचा, पण त्याभोवतीचा वेढा कापायचा नाही. कटरच्या टोकात बॉलची फक्त कड धरायची, तार पात्याला लागता कामा नये, आणि हळूहळू दाबत जायचं. पितळ चेपतं किंवा तडकतं, मग बॉल आतून सुटतो आणि मागे तयार फास राहतो. तुकडा उडतो, म्हणून वर फडकं धरा आणि डोळ्यांना चष्मा लावा. फास हुकात अडकवला की तार हाताने ओढून धरूनच खुंटी पिळायची, नाहीतर तो निसटतो. वाऊंड, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेल्या, तारेचं जास्तीचं टोक कापण्याआधी ती काटकोनात वाकवून घ्यावी, म्हणजे वरची गुंडाळी उसवत नाही.

सगळ्या तारा एकदम काढू नयेत. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबावरच उभी असते. एकेक तार बदलत गेलं की ती जागची हलत नाही. शेवटी बाराव्या पडद्यावर दाबून सूर तपासावा. तो मोकळ्या तारेच्या बरोबर सप्तकभर वर यायला हवा. वर चढत असेल तर घोडी किंचित टेलपीसकडे सरकवावी, उतरत असेल तर नटकडे.

पुढच्या पुरवणीत निदान या चार तारांची मापं छोट्या चौकटीत छापावीत, ही विनंती. त्या लेखाच्या भरवशावर ज्यांनी संच आणून ठेवले असतील, त्यांना ती वेळेत मिळतील.

आपली,
एक मेंडोलिन-शिक्षिका