पाण्यात म्हैस, बाहेर मोल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर युरोपात जुनी शिडाची बोट घेऊन भूमध्य समुद्रात फिरायला निघालेल्या मराठी मंडळींवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. बेत झकास आहे. जुनी बोट म्हणून नाक मुरडायचंही कारण नाही. अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, त्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात. माझी हरकत लेखाच्या शेवटी दिलेल्या खरेदीच्या सल्ल्याला आहे. बांधणीचं साल, इंजिनाचे तास, शिडं आणि चार्टप्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा) बघा, एखादा जाणकार मित्र सोबत न्या, म्हणजे सर्व्हेचे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोट तपासून घेण्याचे, पैसे वाचतात, असा तो सल्ला आहे. हे वाचून कुणी तीस-चाळीस हजार पौंड मोजून बसू नये म्हणून हे पत्र.

मी मूळचा मालवणचा. नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये झाली, आता मुलीजवळ साउदम्प्टनला असतो. बाजूलाच हॅम्बल नदी, तिच्या दोन्ही काठांना बोटीच बोटी. ओळखीपाळखीतलं कुणी बोट बघायला आलं की टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन मला जावं लागतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की बोटीला जिथे जिथे भोक पाडलेलं आहे तिथे आधी बघा. फायबरग्लासचा सांगाडा सहसा दगा देत नाही. दगा देतात त्यातून आरपार गेलेल्या धातूच्या वस्तू, आणि नेमक्या त्याच गाद्यांखाली, कपाटांमागे दडलेल्या असतात.

सीकॉकचंच घ्या. शौचालय, सिंक, इंजिनाचं थंड पाणी, या प्रत्येकासाठी बोटीच्या तळातून एक नळ काढलेला असतो. साधारण ३५ फुटी बोटीत पाण्याच्या रेषेखाली असे पाच-सहा तरी निघतात. ते कांस्याचे असतील तर उत्तम. पण कित्येक बोटींत कारखान्यानेच साधे पितळी नळ बसवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतो तो सच्छिद्र, ठिसूळ तांब्याचा सापळा. बाहेरून नळ जिथल्या तिथे, दांडा फिरतोय, सगळं ठीक दिसतं. चाकूच्या टोकाने वरचा थर खरवडायचा. आत पिवळा झळाळला तर चिंता नाही, गुलाबी दिसला तर हात आखडता घ्यायचा. गेल्या वर्षी एका बोटीत सिंकखालच्या नळावर मी हातोडीने हलकीच टिचकी मारली. खणखणीत आवाज यायच्या ऐवजी मडक्यासारखा भदभद आवाज आला आणि नळाचा एक तुकडा माझ्या तळहातावर उतरला. बोट काठावर उचलून ठेवलेली होती म्हणून बरं. युरोपात १९९८ नंतर लागू झालेल्या नियमांच्या जोडीच्या मानकात अशा फिटिंगने पाच वर्षं गंजाला तोंड द्यावं, एवढीच अपेक्षा होती. बोट मात्र वीस-पंचवीस वर्षांची म्हणून विकायला येते.

दुसरी जागा डोलकाठीच्या तणाव्यांची. डोलकाठी उभी राहते ती पोलादी तारांच्या जोरावर, आणि त्या तारा डेकमधून खाली उतरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांना जखडलेल्या असतात. त्यांना चेनप्लेट म्हणतात. स्टेनलेस गंजत नाही हा आपल्या सगळ्यांचा घरगुती समज. त्याला गंजापासून वाचवणारा अतिशय पातळ थर टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. पट्टी डेकच्या जाडीतून जाते तिथे ओलावा मुरून राहतो, हवा पोचत नाही, आणि पोलाद आतल्या आत चिरत जातं. वरचं टोक आरशासारखं चकचकीतच राहतं. म्हणून आत जाऊन कपाटातली पुस्तकं, कपडे बाहेर काढायचे आणि प्लायवुडवर तपकिरी ओघळ शोधायचा. एका बोटीत बरोबर त्याच जागी कोरं पांढरं अस्तर चिकटवलेलं सापडलं, बाकी सगळीकडे जुनं. असं नवंकोरं काही दिसलं की ते काढून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाले तर चहा पिऊन परतायचं. तारांचंही विचारा. दहा-बारा वर्षांच्या झाल्या की इथल्या बऱ्याच विमा कंपन्या कुरकुर करतात, आणि सगळ्या तारा बदलणं हा हजारो पौंडांचा मामला असतो.

तिसरी जागा कीलची. तळाशी बोल्टांनी जोडलेलं ते शिशाचं किंवा बिडाचं वजन. 'चीकी राफिकी' ही ४० फुटी बोट मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून आमच्या या साउदम्प्टनला परत येत असताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चौघेही गेले. बोट जेमतेम आठ वर्षांची होती. चौकशी अहवालात आधी कधीकधी तळ जमिनीला लागल्याचा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांचा उल्लेख आहे. तेव्हा मालकाला सरळ विचारा, बोट कधी घासली का? मग ती क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असतानाच कीलचा सांधा बघा. कील जमिनीवर टेकली की वजनाने फट मिटते आणि काही दिसत नाही. आत फळ्या उचलून बोल्टांभोवतीचा गंज आणि केसासारख्या भेगा पाहायच्या, त्याही कीलच्या मागच्या टोकापाशी जास्त नीट, कारण आपटल्याचा दणका तिथे वर चढतो.

आमच्याकडे मालवणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, त्यामुळे घेणाऱ्याला तळ दिसतोच. इथे मात्र बोट धक्क्याला बांधलेली, गाद्या नव्या, आत कॉफीचा वास. पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असाच सगळा व्यवहार. उचलायचा खर्च घेणाऱ्याच्या माथी असतो म्हणून पुष्कळजण तो टाळतात.

उचललीच आहे तर सेलड्राइव्हही, म्हणजे इंजिनाची ताकद तळातून खाली पंख्यापर्यंत नेणारा पायही, बघून घ्या. हा पाय ज्या मोठ्या भोकातून खाली जातो ते एका रबरी पडद्याने बंद केलेलं असतं. व्होल्वो पेंटा ही इंजिन कंपनी तो सात वर्षांनी बदला म्हणते, आणि त्यासाठी इंजिन पुढे सरकवावं लागतं. म्हणून पावती मागा. सुकाणू दोन्ही हातांनी हलवून खडखडतंय का पाहा.

तळावरच्या फोडांची, म्हणजे ऑस्मोसिसची, लोकांना जेवढी धास्ती असते तेवढी मला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बोटींत ते सर्रास असतात, त्याने भाव पाडून घ्यावा. डेक मात्र हातोडीने ठोकत पूर्ण चालून जा. आत बऱ्याचदा बाल्सा हे हलकं लाकूड असतं, ते कुजलं की आवाज बद्द येतो.

इंजिनाचं एकच सांगतो. गेल्या गेल्या त्यावर हात ठेवा. कोमट लागलं तर आपण यायच्या आधी ते चालवून ठेवलंय. धूर, सुरू होतानाची कुरबुर, जे बघायचं ते थंड इंजिनातच दिसतं. दुसऱ्या दिवशी परत या.

आता जाणकार मित्राबद्दल. मी स्वतः असा मित्र आहे आणि तरीही सर्व्हेअर नेमा असंच सांगतो. ओलावा मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, आणि माझ्या शब्दावर विमा मिळत नाही. सर्व्हेअर आपण शोधलेला असावा, विकणाऱ्या दलालाने सुचवलेला नको. इथे साधारण दहा टक्के अनामत देऊन सर्व्हेच्या अटीवर करार होतो. मोठा दोष निघाला तर अनामत परत मिळते किंवा किंमत उतरते.

कागदांबाबत लेखात ब्रिटिश नोंदणी आहे म्हणजे मालकी पक्की, असं सुचवलंय, ते चूक आहे. बहुतेक छोट्या बोटींची नोंद ब्रिटिश जहाज नोंदवहीच्या ज्या तिसऱ्या भागात असते, तो मालकीचा पुरावा मानला जात नाही. आधीची विक्रीपत्रं ओळीने हवीत, कारण बोटीवरचं कर्ज बोटीबरोबरच येऊ शकतं. शिवाय ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये व्हॅट भरलेली बोट युरोपीय संघात व्हॅट भरलेली धरतातच असं नाही. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला तेव्हा ती नेमकी कुठे उभी होती यावर ते ठरतं. ग्रीसला जायचा बेत असेल तर त्या दिवशीची मरीनाची पावती विक्रेत्याकडे आहे का, हे अनामत देण्यापूर्वी विचारावं.

लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचं आपण म्हटलं आहे. त्यात बोटीच्या किमतीबरोबर क्रेन, सर्व्हे, तारा आणि सीकॉक यांचा खर्चही धरून हिशेब द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर, साउदम्प्टन (मूळ मालवण)