तंबू ठोकण्याआधी पूररेषा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेंच नदीकाठच्या जुन्या धरण-वसाहतींत पर्यटकांसाठी चाळींत आणि तंबूंत मुक्कामाची सोय करावी, अशी सूचना नागपुरात अधूनमधून होते. कल्पना वाईट नाही. पण धरणमजुरांच्या या चाळी नदीला इतक्या चिकटून का आहेत? काँक्रीटला आणि माणसांना पाणी जवळ हवे, मजुराला पाळीवर पायी पोहोचता यावे, म्हणून. बांधल्या त्याही काम संपेपर्यंत टिकतील अशाच: पातळ भिंत, वर सिमेंटचे पत्रे, कुठे कवेलू.

पेंचवरच्या तोतलाडोह धरणाला काम संपल्यावरही कुटुंबे राहिली, मासेमारीवर जगू लागली आणि शेवटी वसाहत उठवावी लागली. 1975 साली जाहीर झालेल्या पेंच राष्ट्रीय उद्यानातली ती जागा, तेव्हा तिचा विचारच नको. उरतात त्याच नदीवर खाली असलेल्या कामठी खैरी धरणाखालच्या वसाहती.

खरी अडचण तिथेच आहे. तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे 1,017 दलघमी (दशलक्ष घनमीटर), तर कामठी खैरीचा जेमतेम 142. वरून आलेला मोठा विसर्ग खाली फार वेळ थोपवता येत नाही. धरण भरलेले असले की दरवाजे उचलावेच लागतात. गावात थेंब नसतानाही नदी चढू शकते. निळ्या पूररेषेच्या आत (25 वर्षांतून एकदा येणारा पूर) मुक्कामाचे बांधकाम नकोच. निळ्या आणि लाल रेषेच्या (100 वर्षांतून एकदा येणारा पूर) मधल्या पट्ट्यातही जोते पूरपातळीच्या वर हवे. पावसाळ्यात मुक्कामाचा तळ बंद ठेवलेलाच बरा.

दुसरी गोष्ट मातीची. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही, पावसाळ्यात तर उलट भरून येतो. आठवड्याच्या सुटीला 100 माणसे आली की चार घरांसाठी बांधलेली सेप्टिक टाकी तुंबते आणि घाण नदीत जाते. हे पाणी पुढे शेतात आणि नळात जाते. विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर दूर हवा. हीच माती उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरपे तडे जातात. ते लिंपून रंग मारू नये, आधी पाया तपासावा.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते; त्याचे तंतू श्वासातून जाणे घातक. हे पत्रे फोडायचे नाहीत, ड्रिलही मारायचे नाही; ओले करून, बोल्ट कापून अख्खे उतरवायचे आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे. बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस वरून घण घालतो.

आणि विसर्गाचा भोंगा शेवटच्या तंबूपर्यंत ऐकू येतो का, हे भर दिवसा नव्हे, रात्री कूलर चालू असताना तपासावे.

– धरणकामांतील काही निवृत्त अभियंते, नागपूर