वीज उन्हाच्या तापाने नव्हे, प्रकाशाने

महोदय,
छपरावरील सौर पॅनेलविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला. ‘पॅनेल जितके तापेल तितकी वीज जास्त’ हे त्यातले विधान चुकीचे आहे. वीज तयार होते ती प्रकाशामुळे. पॅनेल ज्या सिलिकॉनचे बनते, त्यात जखडलेला इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एक अतिसूक्ष्म एकक) ऊर्जा लागते. प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, तेवढी ऊर्जा नसेल तर असे कितीही फोटॉन येवोत, इलेक्ट्रॉन जागचा हलत नाही. जास्त असेल तर वरची ऊर्जा उष्णता बनून पॅनेललाच तापवते. आणि तापलेले पॅनेल कमी वीज देते: २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट होते.

आमच्या घरी मे महिन्यात भर दुपारी पॅनेलच्या काचेला हात लावला की चटका बसतो. पावसाची सर येऊन गेल्यावर लख्ख ऊन पडते, तेव्हा वीज मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा मेमधल्या त्या दुपारच्या आकड्याहून वर गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. गोव्यात पावसासाठी स्लॅबवर पत्रे घालतात आणि पॅनेल त्या पत्र्यांना अगदी चिकटवून बसवले जाते. खालून वारा खेळेल इतकी, निदान वीतभर, जागा सोडायला हवी. लेखात ही सूचना यायला हवी होती.

– एक वाचक, डिचोली